मतं मोजल्यावरचं भांडण, जन्मदाखल्यावरचं भांडण: थायलंड आणि मलेशियात राहणाऱ्यांसाठी

बँकॉकहून क्वालालंपूरला बदली होते, किंवा उलट. माणूस आधी घरभाडं बघतो, मुलांच्या शाळेची फी बघतो आणि राजकारणाचा विषय निघाला की "दोन्हीकडे गोंधळच आहे" म्हणून सोडून देतो. वरवर पाहता ते खोटंही नाही. 2018 ते 2022 या काळात मलेशियाने पाच पंतप्रधान पाहिले. थायलंडने ऑगस्ट 2023 ते सप्टेंबर 2025 एवढ्यातच तीन पाहिले. दोन्हीकडे राजा आहे, दोन्हीकडे आघाड्या फुटतात, दोन्हीकडे माजी पंतप्रधानांना शिक्षा झाल्या. ताप सारखा, रोग वेगळा. त्यामुळे परदेशी माणसाने जपून वागायच्या जागाही वेगळ्या.

थायलंडमधलं भांडण मतं मोजून झाल्यावर सुरू होतं: लोकांनी निवडलेल्याला राज्य करू द्यायचं की नाही? मलेशियात मोजलेली मतं मान्य होतात. तिथला वाद आधीचा आहे, जन्मदाखल्यावर वंश आणि धर्म काय लिहिलाय त्याचा.

जिंकलेला पक्ष जातो कुठे?

14 मे 2023 ची थाई निवडणूक घ्या. 500 जागांच्या सभागृहात मूव्ह फॉरवर्ड पक्षाला सर्वात जास्त, 151 जागा मिळाल्या. मित्रपक्ष धरून आठ पक्षांची बेरीज 312. आपल्या हिशेबाने आता शपथविधीची तारीख काढायची. पण लष्करी राजवटीत लिहिलेल्या 2017 च्या संविधानात एक मेख होती. पहिली पाच वर्षं पंतप्रधान निवडताना खासदारांबरोबर 250 सिनेटरही मत देणार, आणि हे सिनेटर लष्करी राजवटीने नेमलेले. म्हणजे एकूण 750 मतं, बहुमत 376. मूव्ह फॉरवर्डचे नेते पिता लिमचारोएनरात यांना 13 जुलैला 324 मतं पडली. 250 सिनेटरांपैकी फक्त 13 जण त्यांच्या बाजूने उभे राहिले.

मग दुसऱ्या क्रमांकाचा फेउ थाई पक्ष (141 जागा) पुढे आला. लष्कराच्या जवळच्या ज्या पक्षांविरुद्ध मतं मागितली होती, त्यांनाच सोबत घेऊन त्याने स्रेथा थाविसिन यांना 22 ऑगस्टला 482 मतांनी पंतप्रधान केलं. त्याच दिवशी पक्षाचे खरे धनी थाकसिन शिनावात्रा पंधरा वर्षांनी खासगी विमानाने बँकॉकला उतरले. योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

थाकसिन हे नाव समजल्याशिवाय थाई राजकारण समजत नाही. टेलिकॉममध्ये श्रीमंत झालेला हा माणूस 2001 मध्ये निवडून आला आणि 30 बाथमध्ये सरकारी दवाखान्यात उपचार ही योजना त्याने आणली. उत्तर आणि ईशान्येकडच्या, म्हणजे इसानच्या, शेतकऱ्याला पहिल्यांदा वाटलं की मताला किंमत आहे. बँकॉकच्या मध्यमवर्गाला, राजदरबाराच्या जवळच्यांना आणि लष्कराला तो भ्रष्ट आणि डोईजड वाटला. 19 सप्टेंबर 2006 रोजी तो न्यूयॉर्कमध्ये असताना रणगाडे रस्त्यावर आले. त्यानंतरची पंधरा-सतरा वर्षं लाल शर्ट म्हणजे थाकसिनवाले, पिवळा शर्ट म्हणजे राजनिष्ठ. आता हेही जुनं झालं. शहरी तरुणांनी तिसरा पक्ष (आधी फ्यूचर फॉरवर्ड, मग मूव्ह फॉरवर्ड) उभा केला आणि त्याच्या भीतीने जुने वैरी एका ताटात जेवायला बसले.

रणगाड्यांचं काम पुढे न्यायालयाने सोपं केलं. थायलंडचं संविधान न्यायालय नऊ न्यायाधीशांचं आहे, आणि त्याच्या हातात दोन कात्र्या आहेत. एक पंतप्रधानाला अपात्र ठरवते, दुसरी अख्खा पक्ष बरखास्त करते. 2008 मध्ये समाक सुंदरवेज पंतप्रधान असताना टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करत होते आणि त्याचं मानधन घेत होते. पंतप्रधानाने खासगी नोकरी करायची नाही असा नियम. "मी नोकर नाही, प्रवासखर्च आणि सामानाचे पैसे घेतले" असा त्यांचा बचाव. न्यायालयाने 'नोकर' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहून ठरवला आणि देशाचा पंतप्रधान कढईपायी पायउतार झाला. 14 ऑगस्ट 2024 ला स्रेथा गेले, 5 विरुद्ध 4 मतांनी. कारण त्यांनी मंत्री केलेल्या वकिलाने 2008 मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिने तुरुंगवास भोगला होता. त्यांच्या जागी थाकसिन यांची मुलगी पेतोंगतार्न आली. कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेलं तिचं फोनवरचं बोलणं जून 2025 मध्ये फुटलं. त्यात तिने त्यांना 'काका' म्हटलं होतं आणि स्वतःच्याच एका लष्करी कमांडरबद्दल नाराजी बोलून दाखवली होती. 29 ऑगस्टला तीही गेली.

पक्षांची यादी वेगळीच: 2007 मध्ये थाई राक थाई, 2008 मध्ये पीपल्स पॉवर, 2019 मध्ये थाई राक्सा चार्ट, 2020 मध्ये फ्यूचर फॉरवर्ड, 7 ऑगस्ट 2024 ला मूव्ह फॉरवर्ड. बरखास्तीबरोबर पदाधिकाऱ्यांना दहा-दहा वर्षं राजकारणबंदी लागते. उरलेले खासदार साठ दिवसांत दुसऱ्या पक्षात जातात आणि नवी पाटी लावतात. म्हणून थाई बातम्यांत पक्षाचं नाव बदललं तरी चेहरे ओळखीचे असतात. वाचताना पक्षाच्या नावामागे जाऊ नका, त्याचा वारसा कोणाकडून आला ते बघा.

2024 पासून सिनेट 200 जणांची आहे आणि पंतप्रधान निवडण्यात तिचं मत नाही. त्यामुळे सगळं सुटलं असं मात्र नाही. संविधान न्यायालय आणि निवडणूक आयोगावरच्या नेमणुकांना मंजुरी अजून सिनेटच देते, आणि कात्र्या तिथेच आहेत.

112 हा आकडा

थायलंडमध्ये राहणाऱ्याने एकच कलम पाठ करायचं असेल तर फौजदारी संहितेचं 112. राजा, राणी, युवराज किंवा राजप्रतिनिधी यांची बदनामी, अपमान किंवा धमकी: प्रत्येक गुन्ह्याला 3 ते 15 वर्षं. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. दहा पोस्ट म्हणजे दहा गुन्हे, शिक्षांची बेरीज होते. जानेवारी 2024 मध्ये उत्तरेतल्या एका तरुणाला फेसबुकवरच्या पोस्टबद्दल अपील न्यायालयाने एकूण 50 वर्षांची शिक्षा दिली. तक्रार राजवाड्यानेच करायला हवी असंही नाही. कोणीही कुठल्याही पोलीस ठाण्यात करू शकतो. मजकूर तुम्ही लिहिलेला नसला, नुसता पुढे ढकलला असला, तरी चालतं. परदेशी आहे म्हणून सूट नाही: एप्रिल 2025 मध्ये थाई विद्यापीठात शिकवणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासकाला याच कलमाखाली अटक झाली. सरकारी वकिलांनी पुढे खटला न चालवण्याचं ठरवलं, पण तोपर्यंत त्याचा व्हिसा रद्द झाला होता.

तेव्हा रोजच्या वागण्यात साध्या गोष्टी. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागलं की चालणं थांबवायचं. खाली पडलेली नोट उडू नये म्हणून तिच्यावर पाय देऊ नये, तिच्यावर राजाचं चित्र असतं. ऑफिसच्या लाइन (तिथलं व्हॉट्सॲपसारखं ॲप) ग्रुपवर राजघराण्याचा विनोद आला तर हसण्याचा इमोजीसुद्धा नको.

आणि सत्तापालट झालाच तर? 22 मे 2014 चा अनुभव असा. टीव्हीवरचे सगळे कार्यक्रम बंद होऊन लष्कराचं बोधचिन्ह आणि देशभक्तीपर गाणी सुरू झाली. रात्री 10 ते पहाटे 5 संचारबंदी, पाचपेक्षा जास्त लोकांनी राजकीय कारणाने जमायला बंदी. विमानतळ चालू होता. तिकीट आणि पासपोर्ट दाखवून संचारबंदीतही तिथे जाता येत होतं. सत्तापालटापेक्षा परदेशी माणसाला जास्त अडकवलं ते नोव्हेंबर 2008 मध्ये, पिवळ्या शर्टवाल्यांनी सुवर्णभूमी विमानतळ आठवडाभर ताब्यात घेतला तेव्हा. लाखो प्रवासी खोळंबले.

इथे एक चूक नेहमी होते. घाबरून माणूस पहिल्या विमानाने निघून जातो आणि पासपोर्टवर पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यायला विसरतो. तो नसेल तर देश सोडताच राहण्याची वर्षभराची वाढीव मुदत रद्द. परवाना एका वेळेसाठी 1000 बाथ, अनेक वेळांसाठी 3800 बाथ. मुदतवाढीच्या दिवशीच काढून ठेवावा. तसंच दर 90 दिवसांनी पत्ता कळवायचा असतो (तारखेच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत), आणि तुम्ही राहायला आल्याची टीएम 30 ही नोंद घरमालकाने 24 तासांत करायची असते. मालक टाळाटाळ करतो आणि अडतं तुमचं काम. भाडेकरार करतानाच तिची पोच मागून घ्या.

मलेशिया: कोण कोणाचा

मलेशियात रणगाडे रस्त्यावर येऊन सरकार पडलं असं एकदाही झालेलं नाही. 2018 मध्ये स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा सत्ताधारी आघाडी हरली आणि खुर्ची शांतपणे हलली. वन एमडीबी या सरकारी गुंतवणूक निधीच्या घोटाळ्यात माजी पंतप्रधान नजीब रझाक ऑगस्ट 2022 मध्ये तुरुंगात गेले (12 वर्षांची शिक्षा माफी मंडळाने पुढे निम्मी केली, त्यावर लोक अजून चडफडतात). थायलंडहून येणाऱ्याला हे सगळं निरोगी वाटतं. पण इथली गाठ आत आहे.

मलेशियाच्या संविधानात 'मलय' कोण याची व्याख्याच आहे, कलम 160: जो इस्लाम मानतो, नेहमी मलय भाषा बोलतो आणि मलय चालीरीती पाळतो तो. म्हणजे धर्म सोडला तर वंशही सुटला. कलम 153 मलय लोकांसाठी आणि बोर्निओ बेटावरच्या सबा-सारावाक राज्यांतल्या मूलनिवासींसाठी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या आणि परवान्यांत राखीव वाटा ठेवतं. या सगळ्यांना मिळून भूमिपुत्र म्हणतात. संस्कृत शब्द मलयमध्ये 'बुमिपुतेरा' झाला. नागरिकांत त्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्के, चिनी वंशाचे सुमारे 23, भारतीय वंशाचे 7 च्या आत.

आपल्याकडच्या भूमिपुत्रांच्या राजकारणाची सवय असलेल्या मराठी वाचकाने इथे सावध राहावं. शब्द तोच, वजन वेगळं. आपल्याकडे आरक्षण मागासलेल्यांना, मलेशियात ते बहुसंख्याकांना आहे. 13 मे 1969 च्या क्वालालंपूरच्या दंगलीत सरकारी आकड्यानुसार 196 माणसं मेली. मलय लोक संख्येने जास्त पण व्यापार चिनी हातांत, हे तिचं मूळ मानून 1971 मध्ये नवं आर्थिक धोरण आलं: कंपन्यांच्या मालकीत भूमिपुत्रांचा वाटा 30 टक्के करायचा. गरिबी खरोखर घटली, मोठा मलय मध्यमवर्ग तयार झाला. पण मुदत 1990 ची होती, आणि सवलती आजही चालू आहेत.

त्या दिसतात कशा? बिल्डरच्या कार्यालयात जा. तोच फ्लॅट, तोच मजला, भूमिपुत्राला राज्याप्रमाणे साधारण 5 ते 15 टक्के स्वस्त. मलय राखीव जमीन चिनी किंवा तमिळ नागरिक विकतच घेऊ शकत नाही. सरकारी मॅट्रिक्युलेशन (विद्यापीठपूर्व) अभ्यासक्रमात 90 टक्के जागा भूमिपुत्रांना. कंत्राटांत 'अली-बाबा' नावाचा धंदा: परवाना अलीच्या, म्हणजे मलय माणसाच्या नावावर, काम करतो बाबा, म्हणजे चिनी. अली सही करून टक्केवारी घेतो. सवलत ज्या गरीब मलय माणसासाठी होती त्याच्यापर्यंत ती पोहोचतच नाही, हे मलय तरुणही आता उघड म्हणतात.

नोकरीसाठी आलेल्या भारतीयाला यातलं काही थेट लागत नाही, कारण तो परका तो परकाच. लागतं ते शेजारच्या टेबलावरच्या तमिळ सहकाऱ्याला. त्याचे पणजोबा रबराच्या मळ्यावर आले, चौथी पिढी इथे जन्मली, आणि मुलीला वैद्यकीयला जागा मिळेल का याची त्याला झोप नाही. त्याच्यासमोर "तुम्ही भारतात परत का येत नाही" हे वाक्य बोलू नका. बोलणारे भेटतात.

दोन कायदे, एक घर

धर्माची बाजू त्याहून अवघड. मुस्लिमांच्या लग्न, घटस्फोट, वारसा या बाबी राज्याच्या शरियत न्यायालयात जातात, आणि 1988 मध्ये घातलेलं कलम 121(1ए) सांगतं की त्यांच्या हद्दीत दिवाणी न्यायालयांनी यायचं नाही. दोघेही मुस्लिम किंवा दोघेही बिगरमुस्लिम असतील तोवर ठीक. एक इकडे, एक तिकडे झाला की गाडी अडते.

इपोहच्या एका हिंदू बालवाडी शिक्षिकेचं प्रकरण हे त्याचं उदाहरण. 2009 मध्ये नवऱ्याने इस्लाम स्वीकारला आणि तिच्या नकळत तिन्ही मुलांचं धर्मांतर करून घेतलं. सर्वात धाकटी अकरा महिन्यांची मुलगी तो घेऊन गेला. शरियत न्यायालयाने ताबा बापाला दिला, दिवाणीने आईला. पोलिसांनी कोणाचं ऐकायचं? जानेवारी 2018 मध्ये सर्वोच्च असलेल्या फेडरल कोर्टाने सांगितलं की अल्पवयीन मुलाच्या धर्मांतराला दोन्ही पालकांची संमती हवी. निकाल लागला तेव्हा ती मुलगी नऊ वर्षांची होती आणि आईकडे नव्हती.

म्हणून मलय मुस्लिम व्यक्तीशी लग्न करायचं ठरवणाऱ्याने आधी हे समजून घ्यावं: दुसऱ्याने इस्लाम स्वीकारल्याशिवाय तिथे ते लग्न नोंदवलं जात नाही. पुढे लग्न मोडलं तरी इस्लाममधून बाहेर पडायला शरियत न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती सहजी मिळत नाही. प्रेमात पडलेल्याला कलमं सांगणं कठीण, पण सांगावं.

बोलण्याबाबत इथे 112 सारखा एक आकडा नाही, 'तीन आर' आहेत: वंश, धर्म आणि राजघराणी. इंग्रजीत तिन्ही शब्द 'आर'ने सुरू होतात. 1948 चा राजद्रोह कायदा (पहिल्या गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत) आणि संचार आणि मल्टिमीडिया कायद्याचं कलम 233 यांखाली कारवाई होते. सरकारवर टीका चालते, पेपर रोज करतात. मार्च 2024 मध्ये मात्र एका दुकानसाखळीत 'अल्लाह' शब्द छापलेले मोजे सापडले. मालकांवर खटला भरला, दुकानसाखळीला आणि मोजे पुरवणाऱ्या कंपनीला प्रत्येकी 60,000 रिंगिट दंड झाला आणि काही शाखांवर पेट्रोल बॉम्ब पडले. आणखी एक: शांततेने सभा घेण्याचा किंवा तिच्यात सामील होण्याचा 2012 च्या कायद्यातला हक्क फक्त नागरिकांना आहे. मोर्चा कितीही सज्जन दिसला तरी परदेशी माणसाने फुटपाथवरूनसुद्धा घोषणा देऊ नये.

सरकार बनण्या-मोडण्याचा भाग मराठी वाचकाला लवकर कळेल. पक्ष बदलणाऱ्याला तिथे 'कटाक' म्हणतात, म्हणजे बेडूक. संसदेत 222 जागा, बहुमत 112. फेब्रुवारी 2020 मध्ये आघाडी फुटली तेव्हा राजाने दोन दिवस खासदारांना एकेक करून राजवाड्यात बोलावून "तुमचा पाठिंबा कोणाला" असं विचारलं. पाठिंब्याची शपथपत्रंही लिहून घेतात, त्यांना सगळे 'एसडी' म्हणतात. एकाच खासदाराची एसडी दोन गटांकडे असल्याच्या वावड्या नेहमीच्या. ऑक्टोबर 2022 मध्ये पक्षांतरबंदी आली: पक्ष सोडला की जागा रिकामी. पळवाट तिथेही आहे. पक्षात राहून विरोधी पंतप्रधानाला पाठिंबा दिला तर? 2023-24 मध्ये विरोधी बेर्सातु पक्षाच्या सहा खासदारांनी तसंच केलं, आणि सभापतींनी त्यांच्या जागा रिकाम्या ठरवल्या नाहीत. सभापतींचं हे दुखणं आपल्याला नवीन नाही.

दोन्ही दुखणी जिथे भेटतात

थायलंडमध्ये धर्माचा प्रश्नच नाही असं बँकॉकमध्ये राहणाऱ्याला वाटतं. हुआय ख्वांगच्या चौकात बौद्ध थाई माणूस गणपतीला हार घालतो, मग वाटणारच. पण दक्षिणेला पट्टानी, याला, नाराथिवात हे तीन प्रांत आहेत, बहुसंख्य मलय मुस्लिमांचे. 1909 च्या करारात सयामने (थायलंडचं जुनं नाव) केलांतान, तेरेंगानू, केदाह, पेर्लिस ही राज्यं ब्रिटिशांना दिली आणि पट्टानी स्वतःकडे ठेवलं. नातेवाईक एका रेषेने वाटले गेले. पुढे बँकॉकने थाई भाषा आणि थाई शाळा लादल्या. जानेवारी 2004 मध्ये नाराथिवातमधल्या लष्करी तळावरून 400 हून अधिक बंदुका लुटल्या गेल्या आणि बंड पेटलं. आजवर 7000 पेक्षा जास्त माणसं मेली आहेत.

त्याच वर्षी 25 ऑक्टोबरला नाराथिवातमधल्या ताक बाईच्या पोलीस ठाण्यासमोर निदर्शनं झाली. पकडलेल्यांचे हात मागे बांधून त्यांना लष्करी ट्रकांत एकावर एक थरांनी झोपवलं आणि पट्टानीच्या छावणीत नेलं. वाटेत 78 जण गुदमरून मेले, एकूण मृत 85. खटला भरायची मुदत 20 वर्षांची. 2024 मध्ये न्यायालयाने अखेर खटला दाखल करून घेतला, आरोपी हजर झालेच नाहीत, आणि 25 ऑक्टोबर 2024 ला मुदत संपली.

2013 पासून शांततेची बोलणी मलेशियाच्या मध्यस्थीने चालू आहेत. मलेशियाहून रस्त्याने जाणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: दक्षिण थायलंडमधल्या हाट याई शहराला जायला पदांग बेसार किंवा बुकित कायू हितामचं नाकं धरा, रांताऊ पांजांग-सुंगाई कोलोकचं नको. पलीकडे उतरल्यावर रस्ता थेट नाराथिवातमधून जातो, आणि बऱ्याच प्रवास विम्यांत असा भाग वगळलेला असतो.

तिथल्या सीमेवरच्या कोलोक नदीवर मलेशियाच्या काठावर घड्याळ एक तास पुढे आहे. लोक पिढ्यान्‌पिढ्या होडीने इकडून तिकडे जात, भाजी घेत, लग्नाला जात. डिसेंबर 2024 पासून केलांतानच्या पोलिसांनी अधिकृत नाक्याशिवाय ओलांडणाऱ्यांना पकडायला सुरुवात केली. क्वालालंपूरच्या गल्लीबोळांत 'तोम यम'ची (आंबट-तिखट थाई सूप) जी दुकानं दिसतात, त्यांत चुलीवर उभी असलेली बरीच पोरं या तीन प्रांतांतलीच. मलय बोलतात, पासपोर्ट थाई. अनेकांकडे कामाचा परवाना नसतो, फक्त तीस दिवसांचा भेटीचा शिक्का. महिना भरत आला की रात्रीच्या बसने सीमेवर जायचं, नवा शिक्का मारून घ्यायचा आणि संध्याकाळी परत चुलीपाशी.